नलूमावशी आणि कारंज्याचे पैसे

नलूमावशींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या ऑफिसच्या मायक्रोवेव्हसमोर उभ्या होत्या आणि आख्खं फायनान्स डिपार्टमेंट नाक दाबून दारात. आत सुकटीची चटणी गरम होत होती. सिटी हॉलमधला, म्हणजे इथल्या नगरपालिकेतला, माझा तो पहिलाच दिवस. एच. आर.ची बाई अगदी साखर पेरल्यासारखं म्हणत होती, "नॅल, स्ट्राँग वासाच्या फूडबद्दल आपली पॉलिसी आहे."

"कुठे लिहिलीय? दाखवा."

बाई पॉलिसीचं बाड आणायला गेली. तोवर सुकट गरम झाली. बाडात एकच नियम सापडला, तो पॉपकॉर्नचा. कारण पॉपकॉर्न जळून आगीची घंटा वाजायची आणि सगळ्यांना बर्फात जाऊन उभं राहावं लागायचं. "माझ्या सुकटीने आजवर एकदाही घंटा वाजवलेली नाही," असं सांगून नलूमावशींनी डबा उचलला. जाताना माझ्याकडे बघून मराठीत म्हणाल्या, "कुठले?"

"नागपूर."

"मग नागपूरकर, खुर्ची ओढा. भाकरी आहे."

आमचं हे शहर अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनपासून अर्ध्या तासावर आहे. नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथेच पाण्याचं बिल भरायचं असतं. मी शहराच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळतो. नलूमावशी ग्रँट्स बघायच्या, म्हणजे बाहेरून आलेला सरकारी पैसा नियमाप्रमाणे खर्च होतोय की नाही ते. मूळच्या रेवदंड्याच्या. नवऱ्याच्या नोकरीमागून इथे आल्या, कामाची परवानगी नव्हती तेवढी वर्षं घरात बसून राहिल्या, आणि बरोबरीच्या बायका जावई शोधत होत्या त्या वयात परीक्षा देऊन सिटी हॉलच्या बिल भरायच्या खिडकीत चिकटल्या. तिथून एकेक पायरी वर. यजमान करोनाच्या आधीच गेले होते. मुलगी तिकडे न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला. ती दर रविवारी फोनवर म्हणायची, "आई, जस्ट रिटायर ऑलरेडी." आणि मावशी म्हणायच्या, "करते हं," ज्याचा अर्थ "नाही" असा असतो हे त्या इथे वाढलेल्या मुलीला शेवटपर्यंत कळलं नाही.

उंची बेताची, पांढरे कापलेले केस, सुती पंजाबी ड्रेसवर शहराचं बोधचिन्ह असलेला स्वेटर. नियम वाचायला बसल्या की ओठ हलायचे, पोथी वाचणाऱ्या माणसाचे हलतात तसे. आमच्या या शहरात आपण कुणाच्या पायावर पाय दिला तरी तोच आपल्याला सॉरी म्हणतो. नलूमावशी सॉरी म्हणत नसत. त्यांचा खास राग "नो वरीज" या शब्दांवर. "वरी आहे म्हणून तर विचारतेय ना मी! नो वरीज काय नो वरीज!" सगळ्या माणसांना त्या गावावरून हाक मारायच्या. मी नागपूरकर. आमचे फायनान्स डायरेक्टर जिम हे मोठे सज्जन गृहस्थ, ते क्लीव्हलंडचे, म्हणून आमच्या आपसांतल्या बोलण्यात त्यांचं नाव क्लीव्हलंडकर.

महामारीच्या मदतीचे पैसे वॉशिंग्टनहून शहराच्या खात्यात आले आणि सिटी हॉलमध्ये वरातीचं वातावरण पसरलं. पोलिसांना नव्या गाड्या हव्या होत्या. उद्यान खात्याला गोल्फच्या मैदानाची हिरवळ बदलायची होती. जो तो नलूमावशींच्या टेबलाशी येऊन विचारायचा, हे बसतं का नियमात? नियम थोडक्यात सांगतो, कारण त्यांनी मला ते थोडक्यात कधीच सांगितले नाहीत. आरोग्यासाठी खर्च करा, महामारीने ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यासाठी करा, जीव धोक्यात घालून ज्यांनी काम केलं त्यांना जास्तीचा पगार द्या, पाणी, सांडपाणी, इंटरनेट यांवर करा. शहराचं जे उत्पन्न बुडालं असेल तेवढी रक्कम नेहमीच्या बहुतेक कामांवर वापरा. पण जुनी कर्जं फेडू नका, अडीअडचणीच्या गंगाजळीत टाकू नका, आणि ठरलेल्या वर्षाच्या अखेरीपर्यंत पैसा करार करून बांधून टाका. नाहीतर परत पाठवा.

मी एकदा म्हटलं, "मावशी, कशाला एवढं मनावर घेता? नियम काय, मोठ्या लोकांना हवे तसे वाकतात."

त्यांनी चष्मा काढला. चष्मा काढला की समजायचं, आता खरं नाही. "नागपूरकर, नियम ही गरिबाच्या हातातली काठी आहे. श्रीमंताला काठी लागत नाही, त्याला ओळख पुरते. काठी मोडून पडलीय असं तुम्ही शिकलेलेच बोलायला लागलात तर त्याने टेकायचं कशावर?"

त्यानंतर मी त्यांच्यासमोर असली शहाणपणाची वाक्यं टाकली नाहीत.

काठी सगळ्यांना सारखीच लागायची, त्यात आमचं मराठी मंडळही आलं. छोट्या संस्थांना मदत मिळणार असं कळल्यावर मंडळाचे खजिनदार सुधीर काका अर्ज घेऊन हजर झाले. सुधीर काका पुण्याचे, हे त्यांनी सांगण्याआधीच कळतं. नलूमावशी मंडळाच्या सभासद, म्हणून त्यांनी अर्जाला हात न लावता तो जिमकडे सरकवला. तिथेच थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण सुधीर काकांनी सोबत ढोल-ताशांचं बिल जोडलं होतं, महामारीत मंडळ पुन्हा उभं करण्याचा खर्च म्हणून. ते मावशींच्या नजरेला पडलं.

"पुणेकर, हे ढोल करोनाच्या आधीच्या गणपतीत वाजलेत."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी लेझीम खेळले होते त्यांच्यापुढे! गुडघा आठवडाभर सुजला होता."

सुधीर काकांनी बिल काढून घेतलं, उरलेला अर्ज मंजूर झाला, पण त्या दिवसापासून ते नलूमावशींशी बोलेनासे झाले. मंडळाच्या कार्यक्रमात दोघं एकमेकांना श्रीखंड वाढायचे, तेसुद्धा तोंड फिरवून.

आता डार्लीनबद्दल सांगायला हवं. शहराच्या पूर्वेच्या टोकाला मोबाइल होम पार्क आहे. ट्रकवर घालून आणलेली लांबट घरं, एकेका ओळीत ठेवलेली. घर माणसांचं, जमीन मालकाची, आणि पाणी मालकाने खणलेल्या बोअरचं. शहराची पाण्याची लाइन त्याच रस्त्यावर थोडं अलीकडे येऊन थांबते. डार्लीन तिथे राहते, नर्सिंग होममध्ये काम करते. महामारीत एक दिवस घरी बसली नाही. ती एकदा ऑफिसला आली ती पांढरा गणवेश हातात घेऊनच. तिच्या घरी धुतलेला तो गणवेश चहात बुडवून काढल्यासारखा दिसत होता.

"मॅडम, कामावर मला म्हणतात, स्वच्छ राहत जा," ती म्हणाली. "मी रोज धुते. पाणीच असं आहे."

पुढच्याच शनिवारी नलूमावशी तिच्याकडे गेल्या. गाडी मी चालवत होतो, कारण मावशी हायवेवर इतक्या सावकाश चालवायच्या की मागचे ट्रक रडायचे. मावशींनी घराघरात जाऊन नळ सोडून बघितले. नातवाच्या दुधाच्या बाटलीसाठी डार्लीन पेट्रोल पंपावरून पाण्याचे कॅन आणत होती.

सोमवारी त्यांनी वर लिहून पाठवलं, मदतीच्या पैशांतून पार्कपर्यंत पाण्याची लाइन न्यावी. पाणीपुरवठा खात्याकडे तिचे नकाशे तयारच होते, पार्कचे लोक मागायला लागले तेव्हापासून धूळ खात पडलेले. सिटी मॅनेजरचं, म्हणजे शहराच्या मुख्य अधिकाऱ्याचं, उत्तर आलं, जागा खाजगी आहे, केंद्राच्या नियमात बसत नाही. निवडून आलेल्या कौन्सिलच्या मनात दुसरंच होतं. त्यांना डाउनटाउनच्या चौकात कारंजं हवं होतं. रंगीत दिव्यांचं, उन्हाळ्यात पोरांना नाचता येईल असं.

"कारंजं बसतं का नियमात?" मी विचारलं.

"बसतं," नलूमावशी म्हणाल्या. "बुडालेल्या उत्पन्नाच्या रकमेतून बसतं. पाण्याची लाइन तर सरळच बसते. कारंजं हवं असेल तर म्हणा, आम्हाला लोकांच्या पाण्यापेक्षा कारंजं प्यारं आहे. लोक बघून घेतील तुम्हाला. पण नियमाच्या पदराआड लपू नका ना!"

कौन्सिलने कारंज्याचा ठराव केला आणि लगेच भूमिपूजनही उरकलं. इथलं भूमिपूजन म्हणजे एका खोक्यात वाळू भरून आणतात, सहा-सात सुटाबुटातली माणसं डोक्यावर हेल्मेट आणि हातात चकचकीत फावडी घेऊन ती वाळू उचलतात, फोटो निघतो, फावडी परत कपाटात. चौकातली एक फरशीही हलली नव्हती. पण सगळ्यांची समजूत अशी झाली की पैसे आता कामाला लागले.

कागदावर कंत्राटदार नव्हताच. निविदा मागवली तर एकच आली आणि तिचा आकडा बघून क्लीव्हलंडकर घामाघूम झाले. वर्षअखेर जवळ येत होती. वॉशिंग्टनला रिपोर्ट जायचा होता, कुठली रक्कम कराराने बांधली गेली त्याचा. जिम नलूमावशींच्या टेबलाशी आले. आवाज खाली आणून म्हणाले, "नॅल, कारंज्याचे पैसे बांधले गेलेत असं टाक. कौन्सिलने ठराव केलाय. इट्स ऑलमोस्ट द सेम थिंग."

"ठराव म्हणजे करार नव्हे, जिम."

"फावडी मारली आपण."

"आमच्याकडे नारळ फोडतात," नलूमावशी म्हणाल्या. "नारळ फोडला म्हणून कुणी त्या घरात राहायला जात नाही."

जिम म्हणाले, ही विनंती समजू नकोस. मावशी म्हणाल्या, मग हुकूम लिहून द्या, खाली सही करा, मी फाइलला लावते. जिमनी लिहून दिलं नाही. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्यावरही कुणीतरी उभं होतं. पण दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा निरोप आला की यापुढे नलिनीबाईंनी या विषयावर कौन्सिलच्या कुठल्याही सभासदाशी बोलू नये, स्टाफने आपलं म्हणणं डायरेक्टरमार्फत मांडावं. मी त्यांना सांगितलं, मावशी, आता पुरे, पेन्शन जवळ आलंय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी माझं सॉफ्टवेअर उघडून बसलो.

कौन्सिलच्या मीटिंगमध्ये सुरुवातीला कुणाही रहिवाशाला तीन मिनिटं बोलता येतं. आधी चिठ्ठीवर नाव लिहायचं, मग माइकसमोर जायचं. समोर दिवा असतो, हिरवा, मग पिवळा, आणि लाल झाला की गप्प. पुढच्या मीटिंगला नलूमावशी संध्याकाळी घरी जाऊन आल्या. शहराचा स्वेटर उतरवून ठेवला होता आणि चक्क नारायणपेठ नेसल्या होत्या. मागच्या रांगेत डार्लीन आणि पार्कमधली मोजकीच माणसं, बाकीच्यांना शिफ्ट चुकवता आली नव्हती.

त्या माइकशी आल्या आणि दिवा हिरवा झाला. मॅनेजर लगेच पुढे झुकले. "अध्यक्ष महोदय, या स्टाफ आहेत. स्टाफने इथे—"

"माझी ड्यूटी संपली," मावशी म्हणाल्या. "आता मी रहिवासी. नोकरी करणाऱ्या रहिवाशाने बोलू नये असं कुठे लिहिलंय, ते मला दाखवा."

शहराचे वकील पानं उलटू लागले. पुढे, मागे, पुन्हा पुढे. शेवटी वकील माइकमध्ये म्हणाले की तसं काही लिहिलेलं दिसत नाही. अध्यक्षांनी हात केला, बोला. पण तेवढ्यात दिवा पिवळा झाला होता. वाद घालण्यात गेलेला वेळ त्यांच्याच तीन मिनिटांतून कापला गेला होता, आणि तो परत देतो असं कुणीही म्हटलं नाही. माझं डोकं असं तापलं!

नलूमावशी भराभर वाचू लागल्या. कारंजं नियमात बसतं. पाण्याची लाइनही बसते. बसत नाही असं तुम्हाला ज्यांनी सांगितलं त्यांनी तुम्हाला चुकीचं सांगितलं. कारंज्याचा करार झालेला नाही, तो वर्षअखेरीच्या आत होईल असं दिसत नाही, आणि न झाल्यास पैसे परत जातील, मग ना कारंजं ना पाणी. लाइनचे नकाशे तयार आहेत. आज निविदा मागवलीत तर वेळेत करार होतो. "त्या पार्कमधल्या माणसांनी—"

लाल.

"थँक यू, मॅम," अध्यक्ष म्हणाले. "नेक्स्ट."

नेक्स्ट सुधीर काका होते. आपल्या गल्लीच्या तोंडाशी स्टॉप साइन हवी ही त्यांची जुनी मागणी, आणि ती घेऊन ते प्रत्येक मीटिंगला येतात. कौन्सिलचे लोक त्यांना बघितलं की मोबाइल काढतात. सुधीर काका उठले, खिशातून आपला कागद काढला, त्याच्याकडे पाहिलं, घडी घातली आणि परत ठेवला. मग नलूमावशींसमोर जाऊन हात पुढे केला.

"द्या तो कागद."

मावशी बघतच राहिल्या.

"द्या हो! माझी तीन मिनिटं चाललीयेत. आणि ढोलाचा राग माझा गेलेला नाही, हे लक्षात असू द्या."

मग पुणेकर माइकसमोर ताठ उभे राहिले आणि आपल्या सदाशिव पेठी इंग्रजीत त्यांनी तुटलेल्या शब्दापासून पुढे वाचायला घेतलं. "त्या पार्कमधल्या माणसांनी महामारीत तुमच्याआमच्या आईवडिलांना आंघोळी घातल्या. दुकानात उभं राहून तुमचं वाणसामान पिशवीत भरलं. आपण दारं लावून घरात होतो तेव्हा ती माणसं बाहेर होती. हा पैसा वॉशिंग्टनने पाठवला तो ही आठवण ठेवूनच पाठवला. त्यांना बक्षीस नको, नळाला पाणी हवं." शेवटचं वाक्य वाचून झाल्यावरही दिवा हिरवाच होता. तेव्हा सुधीर काका म्हणाले, "आणि स्टॉप साइनचं बघा." मागे डार्लीन डोळे पुसत होती. मीही पुसले, त्यात लाजायचं काय?

लाइनची निविदा मागवायचा ठराव अवघ्या एका मताच्या फरकाने पास झाला. करार नाताळच्या जरा आधी झाला, आणि त्यावर सही करताना क्लीव्हलंडकरांचा चेहरा सुटल्यासारखा दिसत होता. रिपोर्टमध्ये नलूमावशींनी ती रक्कम बांधली गेल्याचं स्वतः भरलं. त्या दिवशी ऑफिसमध्ये सुकटीचा वास पार लिफ्टपर्यंत आला आणि कुणीही नाक दाबलं नाही.

वसंतात शहराने रीऑर्गनायझेशन केलं. मदतीचा कार्यक्रम संपत आला, सबब ग्रँट्सची जागा रद्द. पैसा खर्च व्हायचा अजून बाकी होता, त्यावर लक्ष ठेवायचं काम उरलं होतं, पण ते काम जिमच्या हाताखालच्या कुणालातरी जोडून दिलं. आम्हा सगळ्यांना ईमेल आली की नॅल निवृत्त होत आहेत, शुक्रवारी ब्रेकरूममध्ये केक आहे. अर्ध्या तासात त्याच ईमेलला सगळ्यांना जाईल असं उत्तर आलं: मी निवृत्त होत नाही. माझी जागा काढून टाकली आहे. आपली, नलिनी.

"मावशी, केक तरी खाऊन जा," मी म्हटलं.

"मी जात नाहीये, मला घालवतायत. घालवताना केक कसला?" असं म्हणून त्यांनी ड्रॉवरमधला लोणच्याचा डबा पिशवीत टाकला. मला मात्र त्या दिवशी आमच्या सिटी हॉलची फार लाज वाटली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

पुढे मुलीने त्यांना वेस्ट विंडसरला नेलंच. तिथल्या टाउनशिपच्या मीटिंगला त्या जायला लागल्यात असं सुधीर काकांकडून कळतं. दोघं आता फोनवर तासतास भांडतात. पण इथून जाण्याआधी लाइनचं उद्‌घाटन झालं, तेव्हा मी त्यांना शेवटचं बघितलं.

पार्कच्या तोंडाशी आगीच्या बंबाला पाणी देणारा नवा हायड्रंट, त्याला निळी फीत. महापौर, मॅनेजर, कौन्सिलचे सभासद, ज्यांनी विरोधात मत दिलं तेही, भली मोठी कात्री हातात घेऊन. भाषणात महापौर म्हणाले की हे कौन्सिलच्या दूरदृष्टीचं फळ आहे. नलूमावशींना बोलावणं नव्हतं. त्या डार्लीनच्या स्वयंपाकघरात होत्या. नळ सोडून आधी बराच वेळ पाणी नुसतं वाहू दिलं, मग ग्लास उजेडात धरून पाहिला, मग उभ्या उभ्या प्यायल्या. तोंड पुसून डार्लीनला म्हणाल्या, "आता पांढरे कपडे धू." आणि दार उघडून बाहेर पडल्या.

फोटोसाठी साहेब मंडळी रांगेत उभी राहत होती. नलूमावशी सरळ चालत गेल्या आणि मधोमध, महापौर आणि मॅनेजर यांच्या मध्ये, हायड्रंटला लागून उभ्या राहिल्या. कॅमेरावाली मुलगी शहराचीच, नवी, बिचारी गोंधळली. "मॅम, हा फक्त ऑफिशियल्सचा फोटो आहे. यू माइंड?"

मावशी हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. मॅनेजर आकाशाकडे बघू लागले. महापौरांनी कात्री या हातातून त्या हातात घेतली. पार्कच्या दारादारांत माणसं येऊन उभी राहिली होती, डार्लीन पायरीवर नातवाला कडेवर घेऊन.

"मॅम, प्लीज?"

नलूमावशींनी हायड्रंटच्या डोक्यावर हात ठेवला, आणि रस्त्यापलीकडे मी उभा होतो तिथवर ऐकू येईल अशा आवाजात मराठीत म्हणाल्या, "नागपूरकर, हिला सांगा, काढ म्हणावं फोटो. मी हलत नाही."